‘लिहून झाले’ म्हणजे नेमके कुठे लिहून झाले?

पावसाळा सुरू झाला की या सदराच्या टपालात एका प्रकारची पत्रे वाढू लागतात: वीज गेली, वीज आली, यंत्रही सुरू झाले, पण आतले काहीतरी बिघडले. या अंकासाठी निवडलेल्या पाचही पत्रांचे मूळ डिस्कपुढच्या कॅशेत, म्हणजे माहिती कायमची लिहिली जाण्यापूर्वी जिथे तात्पुरती थांबते त्या जलद मेमरीत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची आणि संस्थांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचे सर्व व्यवहार कार्यालयातील एकाच सर्व्हरवर नोंदले जातात. जूनमध्ये भर दुपारी वीज गेली, यूपीएसने थोडा वेळ तग धरला आणि मग सर्व्हर बंद पडला. वीज आल्यावर तो नीट सुरू झाला, परंतु दिवसअखेर रोजकीर्द जुळेना. काही पावत्यांच्या कार्बन प्रती आमच्या हातात आहेत आणि संगणकात त्यांच्या नोंदीच नाहीत. दोन खात्यांत नावे बाजू दिसते, पण समोरची जमा बाजू नाही. पुरवठादार म्हणतात, सर्व्हरमध्ये रेड आहे, चार डिस्क आहेत, डेटा जाऊच शकत नाही. एका परिचिताने कॅशे बंद करायला सांगितली; तसे केल्यावर सर्व्हर इतका मंदावला की काउंटरवर रांग लागली. आता काय करावे? — व्यवस्थापक, पतसंस्था, लालबाग

उत्तर : पुरवठादारांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. एखादी डिस्क निकामी झाली तर उरलेल्या डिस्कवरून माहिती पुन्हा उभी करता यावी, एवढ्यापुरती रेडची योजना असते. जी माहिती कोणत्याच डिस्कपर्यंत पोहोचली नाही तिचे रक्षण रेड करू शकत नाही, आणि आपल्याकडे तेच घडल्याचे दिसते.

काउंटरवरील कर्मचाऱ्याने व्यवहार जतन केला की ती नोंद डेटाबेसकडून ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीत, तेथून रेड कार्डावरील, म्हणजे डिस्क सांभाळणाऱ्या कार्डावरील मेमरीत, तेथून प्रत्येक डिस्कच्या स्वतःच्या मेमरीत आणि सर्वांत शेवटी फिरत्या चकतीवर जाते. वाटेतला यांपैकी कोणताही टप्पा ‘लिहून झाले’ असे वरच्याला कळवू शकतो. आपल्याच व्यवहारातले उदाहरण घ्यायचे तर पिग्मी एजंट सभासदाला पावती दुकानाच्या दारातच देतो आणि रक्कम संध्याकाळी कार्यालयात भरतो; मधला सगळा वेळ पैसे त्याच्या पिशवीत असतात. कॅशेच्या राइट-बॅक पद्धतीत हेच होते. राइट-थ्रू पद्धतीत मात्र खालच्या टप्प्याने नोंद स्वीकारल्याशिवाय वर होकार जात नाही.

राइट-बॅकचा मोह का पडतो, हे साध्या गणिताने कळते. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. प्रत्येक व्यवहार लॉगच्या, म्हणजे बदलांच्या क्रमवार नोंदवहीच्या शेवटी खरोखर चकतीवर उतरवून मगच पुढचा घ्यायचा असेल, तर सेकंदाला शंभर-सव्वाशे व्यवहारांच्या पुढे ही डिस्क जाऊच शकत नाही, आणि डिस्कचे हेड, म्हणजे वाचणारा-लिहिणारा भाग, इकडून तिकडे हलवावे लागत असल्याने प्रत्यक्षातला आकडा त्याहून बराच खाली राहतो. कार्डावरच्या एक-दोन गिगाबाइट मेमरीने होकार देण्याचे काम अंगावर घेतले की हाच आकडा हजारांत जातो. कॅशे बंद केल्यावर रांग लागली ती यामुळे.

आता मूळ मुद्दा. माहितीचे नुकसान आणि माहितीचा बिघाड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेवटच्या काही पावत्या नाहीशा होणे हे नुकसान. नावे बाजू असून जमा बाजू नसणे हा बिघाड. डेटाबेस कोणताही बदल आधी लॉगमध्ये लिहितो आणि नंतर मूळ तक्त्यात, जेणेकरून मध्येच वीज गेली तरी लॉग वाचून अर्धवट राहिलेले काम पुरे करता यावे किंवा मागे घेता यावे. हा क्रम टिकावा म्हणून तो खाली ‘फ्लश’ ही आज्ञा पाठवतो, जिचा अर्थ हातातले सगळे कायमच्या जागी उतरवा आणि मगच उत्तर द्या असा आहे. कॅशे एरवी आपल्या सोयीने लिहिण्याचा क्रम बदलत असते, कारण त्यामुळे हेडची धावपळ वाचते, आणि फ्लश प्रामाणिकपणे पाळला जात असेल तर त्या बदलाने काही बिघडत नाही. परंतु फ्लशलाच खोटा होकार मिळाला आणि त्याच क्षणी वीज गेली, तर नंतर लिहिलेले चकतीवर सापडते आणि आधी लिहिलेले हरवलेले असते. असा बिघाड आज डोळ्यांना दिसला हे आपले नशीब. तो बहुधा व्याज आकारणीच्या किंवा लेखापरीक्षणाच्या वेळी उघड होतो, आणि तोपर्यंत बॅकअपमध्येही तोच बिघडलेला डेटा जाऊन बसलेला असतो.

एक शक्यता मात्र आधी तपासून घ्यावी. आपले सॉफ्टवेअर नावे आणि जमा या दोन्ही बाजू एकाच व्यवहारात न बांधता दोन स्वतंत्र नोंदी म्हणून लिहीत असेल, तर कॅशे निर्दोष असूनही हेच चित्र दिसेल. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला हा प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तरही लेखी घ्यावे.

त्यानंतर रेड कार्डाकडे वळावे. अशा कार्डांना राइट-बॅकसाठी बॅटरी जोडलेली असते. वीज गेली तर तिच्या जोरावर कार्डाची मेमरी साधारण दोन-तीन दिवस जिवंत राहते आणि वीज आल्यावर अडकलेली माहिती डिस्कवर उतरते. अलीकडच्या कार्डांत बॅटरीऐवजी थोडी वीज साठवणारा मोठा कपॅसिटर असतो. तो वीज जाताच मेमरीतील मजकूर कार्डावरील फ्लॅशमध्ये, म्हणजे विजेविना टिकणाऱ्या मेमरीत उतरवून ठेवतो, त्यामुळे दिवसांची मर्यादा राहत नाही. मी नवीन कार्ड घेणाऱ्या प्रत्येकाला हाच प्रकार सुचवतो, कारण लागून आलेल्या सुट्ट्यांत बंद पडलेल्या सर्व्हरकडे तिसऱ्या दिवसापर्यंत कोणाचे लक्षही जात नाही.

आपल्या कार्डाच्या व्यवस्थापन पडद्यावर कॅशेचे धोरण बहुधा तीन पर्यायांत दिसेल: राइट-थ्रू, बॅटरी चांगली असेल तोवरच राइट-बॅक, आणि नेहमी राइट-बॅक. हा तिसरा पर्याय निवडलेला आढळला तर मला मुळीच आश्चर्य वाटणार नाही. होते असे की, बॅटरीची क्षमता मोजण्यासाठी कार्ड तिला ठरावीक काळाने पूर्ण उतरवून पुन्हा भरते आणि तेवढा वेळ स्वतःहून राइट-थ्रूवर जाते. सर्व्हर काही तास मंदावतो, ग्राहक फोन करतो, आणि फोनला कंटाळलेला तंत्रज्ञ ‘नेहमी राइट-बॅक’ निवडून मोकळा होतो. पुढे काही वर्षांनी बॅटरी मरते तेव्हा कार्ड इशारा देते, पण वेग कमी होत नसल्याने तो इशारा कोणी वाचत नाही. म्हणून बॅटरीची स्थिती आजच पाहावी, ती खराब असेल तर बदलावी, धोरण दुसऱ्या पर्यायावर आणावे आणि इशाऱ्याचे ईमेल एखाद्या जबाबदार माणसाकडे जाईल अशी व्यवस्था करावी. त्याच पडद्यावर डिस्कच्या स्वतःच्या कॅशेसाठी वेगळे सेटिंग असते. कार्डाची बॅटरी या कॅशेला सांभाळत नाही, त्यामुळे ती बंदच ठेवावी. वेगासाठी कार्डाची कॅशे पुरेशी आहे. वाचनासाठीची कॅशे मात्र निःशंकपणे चालू ठेवावी, कारण तिच्यातील मजकुराची मूळ प्रत डिस्कवर असतेच.

आपल्या चार डिस्क रेड-५ मध्ये असतील तर आणखी एक छुपा धोका लक्षात ठेवावा. या रचनेत माहितीसोबत पॅरिटी, म्हणजे पडताळ्याचा हिशेब, वेगळ्या डिस्कवर लिहिला जातो. माहिती लिहून झाली आणि पॅरिटी लिहिण्याआधी वीज गेली, तर दोघांचा मेळ तुटतो आणि कोणालाही कळत नाही. काही महिन्यांनी एखादी डिस्क निकामी होते, तिचा मजकूर त्या चुकीच्या पॅरिटीवरून पुन्हा तयार केला जातो, आणि वीज गेली त्या दिवशी ज्याला कोणी हातही लावला नव्हता असा जुना मजकूर खराब होऊन बाहेर येतो. वीज गेल्यानंतर कार्डाची सुसंगती तपासणी चालवायची ती यासाठी, आणि अशा दुपारनंतर ती टाळण्याचे काहीच कारण नाही.

शेवटी, सध्याच्या खतावणीविषयी. कोणतेही दुरुस्तीचे साधन चालवण्यापूर्वी संपूर्ण डिस्कची प्रतिमा वेगळ्या डिस्कवर काढून घ्यावी. डेटाबेस दुरुस्त करणारी साधने पुष्कळदा न जुळणारा भाग टाकून देऊन ‘दुरुस्ती’ करतात. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमधील एका पर्यायाच्या नावातच माहिती जाऊ देण्याची परवानगी लिहिलेली आहे, ते उगीच नव्हे. प्रतिमा घेतल्यावर डेटाबेसची केवळ तपासणी करणारी आज्ञा चालवावी, आणि हरवलेल्या नोंदी कार्बन प्रतींवरून नवे व्यवहार म्हणून, मूळ पावती क्रमांकाचा उल्लेख करून घालाव्यात. तक्त्यांत हात घालून जुनी नोंद ‘सरळ’ करू नये. लेखापरीक्षकांना हे सर्व त्यांनी विचारण्याआधी सांगावे.

आणखी एक. सर्व्हर पुन्हा सुरू होताना कार्डाने ‘कॅशेत जपून ठेवलेली माहिती शिल्लक आहे’ अशा अर्थाचा संदेश दाखवला होता का, हे त्या दिवशी हजर असलेल्या तंत्रज्ञाला विचारून पाहावे. एखादी डिस्क वेळेवर जागी झाली नाही तर असा संदेश येतो आणि खाली ती माहिती टाकून देण्याचा पर्याय असतो. घाईत तोच दाबला गेला असेल, तर हरवलेल्या पावत्यांचा शोध तिथेच संपतो.

प्रश्न : लग्नसमारंभांची छायाचित्रे आम्ही बाहेरील हार्ड डिस्कवर उतरवतो. कॉपी पूर्ण झाल्याचे पडद्यावर दिसल्यावर केबल काढली, तरी कधीकधी शेवटच्या काही फाइल उघडत नाहीत. विंडोजमध्ये डिस्कच्या पॉलिसीज या पानावर कॅशेविषयी दोन चौकोन आहेत. दोन्हींवर खूण केल्यास वेग वाढतो असे ऐकले. करावी का? — छायाचित्रकार, विलेपार्ले

उत्तर : पहिल्यावर हवी तर करा, दुसऱ्यावर करू नका. पहिला चौकोन लिहिण्याची कॅशे सुरू करतो. दुसरा चौकोन विंडोजला फ्लशची आज्ञा डिस्ककडे पाठवायचीच नाही असे सांगतो, म्हणजे वरच्या उत्तरात ज्या एका आज्ञेवर सगळी भिस्त आहे असे म्हटले तीच काढून घेतो. डिस्कला स्वतंत्र, न जाणारा वीजपुरवठा असेल तरच हे करावे, असा इशारा त्याच चौकोनाखाली छापलेला असतो. खिशातून नेल्या जाणाऱ्या डिस्कला तो लागू होणे शक्य नाही.

विंडोज १० च्या २०१८ मधील १८०९ या आवृत्तीपासून बाहेरील डिस्कसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हे धोरण मुळातच निवडलेले असते आणि त्यात लिहिण्याची कॅशे बंद असते. आपल्याकडे फाइल बिघडत आहेत त्याअर्थी वेगासाठी कोणीतरी ते बदललेले असावे, किंवा यंत्र जुने असावे. धोरण कोणतेही असो, डिस्क काढण्यापूर्वी ‘इजेक्ट’ करण्याची सवय ठेवावी आणि डिस्कचा दिवा लुकलुकत असताना केबलला हात लावू नये.

आपल्या व्यवसायासाठी याहून महत्त्वाची गोष्ट पडताळणीची आहे. कॉपी संपताच छायाचित्रे उघडून पाहिली आणि ती दिसली, तर ती डिस्कवरून दिसली असे समजू नका. नुकताच लिहिलेला मजकूर संगणकाच्या मेमरीत अजून असतो आणि वाचनही तेथूनच होते. डिस्क इजेक्ट करून काढावी, पुन्हा जोडावी, मग फाइल उघडाव्यात आणि त्यानंतरच कॅमेऱ्यातील कार्ड फॉरमॅट करावे. वऱ्हाड परत बोलावता येत नाही.

प्रश्न : आमच्या कंपनीचा डेटाबेस मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअर या क्लाउड सेवेवरील व्हर्च्युअल मशीनवर (सॉफ्टवेअरने उभारलेल्या संगणकावर) आहे. त्याच्या डिस्कसाठी होस्ट कॅशिंग ‘रीड-राइट’ ठेवावे असा एका सहकाऱ्याचा आग्रह आहे; क्लाउडमध्ये वीज जात नाही, मग धोका कसला, असे तो म्हणतो. दुसऱ्या एका प्रकल्पात ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये मशीनसोबत मिळणारी स्थानिक एसएसडी (चकतीऐवजी चिपवर लिहिणारी डिस्क) ही मुख्य व्हॉल्यूमपुढे, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेल्या कायमच्या डिस्कपुढे कॅशे म्हणून लावण्याचा विचार आहे. आपले मत काय? — सॉफ्टवेअर अभियंता, अंधेरी पूर्व

उत्तर : क्लाउडमधील इमारतीची वीज जात नसेलही, परंतु ज्या यंत्रावर आपले मशीन चालते ते यंत्र बिघडते, अडकते, पुन्हा सुरू होते, आणि होस्ट कॅशे त्याच यंत्राच्या मेमरीत व स्थानिक एसएसडीवर असते. अझ्युअरमध्ये कॅशे नको, केवळ वाचनासाठी, आणि वाचन-लेखन दोन्हींसाठी असे तीन पर्याय आहेत. मायक्रोसॉफ्टची शिफारस अशी की एसक्यूएल सर्व्हरच्या डेटा फाइलच्या डिस्कवर केवळ वाचनाची कॅशे ठेवावी आणि लॉगच्या डिस्कवर कॅशे अजिबात ठेवू नये. वाचन-लेखन कॅशे फक्त तिथेच वापरावी, जिथे कॅशेतील मजकूर कायमच्या डिस्कवर उतरवण्याची नीट व्यवस्था सॉफ्टवेअरमध्ये आहे. इतर डेटाबेससाठीही मी हाच नियम लावीन. लॉग ही नेमकी अशी जागा आहे जिथे एकही खोटा होकार परवडत नाही, आणि लॉग क्वचितच परत वाचला जात असल्याने तिथे कॅशेचा फायदाही नगण्य असतो. ४ टेबीबाइट किंवा त्याहून मोठ्या डिस्कवर तर ही सोय उपलब्धच नाही, तेव्हा डेटाबेस वाढल्यावर सहकाऱ्यांचा आग्रह आपोआप निकालात निघेल.

दुसरा विचार मला अधिक धोक्याचा वाटतो. ॲमेझॉनच्या मशीनसोबत मिळणारी स्थानिक एसएसडी ही मशीन थांबवली की रिकामी होते. तिला लिनक्समधील एलव्हीएम या डिस्कची मांडणी सांभाळणाऱ्या साधनाच्या साहाय्याने राइट-बॅक कॅशे बनवले, तर व्हॉल्यूमवर अजून न उतरलेले ब्लॉक (मजकुराचे तुकडे) तिच्यावर शेवटच्या काही सेकंदांचेच असतील असे नाही. वारंवार वापरात असलेला ब्लॉक तासन्‌तास तिथेच राहू शकतो. ती कॅशे नाहीशी झाली की मागे उरते ती ठिकठिकाणी जुने तुकडे असलेली फाइल सिस्टिम (डिस्कवरील फाइलींची मांडणी), जिच्यातील कोणता तुकडा कालचा आणि कोणता आजचा हे सांगता येत नाही. व्हॉल्यूमचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या प्रतीही अशा वेळी फसवे ठरतात, कारण स्नॅपशॉट कॅशेच्या खालच्या थराचा निघतो आणि कॅशेत अडकलेला मजकूर त्यात येत नाही. आपण रोज रात्री नियमाने बिघडलेला बॅकअप घेत राहाल. एलव्हीएमची मूळ पद्धत राइट-थ्रू आहे. तीच राहू द्यावी. वाचनाचा वेग वाढेल, आणि एसएसडी गेली तर केवळ वेग जाईल.

आपण पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर आवृत्ती जुनी नाही ना, हेही पाहावे. लिनक्सवर एकदा फ्लश अयशस्वी झाल्यानंतर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तो मजकूर ‘लिहिलेला’ म्हणून चिन्हांकित करू शकते आणि पुन्हा विचारल्यावर यशस्वी झाल्याचे सांगते, ही गोष्ट २०१८ मध्ये पोस्टग्रेसच्या विकासकांच्या लक्षात आली. फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांपासून फ्लश फसल्यास डेटाबेस पुन्हा प्रयत्न न करता स्वतःला थांबवतो आणि लॉगवरून परत उभा राहतो. नेटवर्कवरून जोडलेल्या व्हॉल्यूमवर असे प्रसंग घरच्या डिस्कपेक्षा अधिक येतात.

आणि आपल्या कार्यालयातील चाचणी मशीनवर क्यूईएमयूची (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) ‘अनसेफ’ कॅशे पद्धत कोणी लावली असेल तर ती चाचणीपुरतीच राहू द्या. ती फ्लशकडे उघडपणे दुर्लक्ष करते, आणि नाव ठेवणाऱ्याने तरी काही लपवलेले नाही.

प्रश्न : आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये दोन सर्व्हर आहेत. एक बंद पडला तर दुसऱ्याने काम चालू ठेवावे म्हणून स्टोरेज बॉक्सवरील एकच व्हॉल्यूम दोघांना जोडला. पहिल्या सर्व्हरवर तयार झालेले अहवाल दुसऱ्यावर दिसत नव्हते. यंत्रे पुन्हा सुरू केली तेव्हा दिसू लागले, पण आता काही फोल्डर उघडत नाहीत. वीज एकदाही गेली नव्हती. — लॅब संचालक, दादर

उत्तर : दोन्ही सर्व्हर आजच्या आज थांबवा आणि पुढे एकालाच तो व्हॉल्यूम जोडा. विंडोजमधील एनटीएफएस किंवा लिनक्समधील ईएक्सटी४ सारखी साधी फाइल सिस्टिम व्हॉल्यूमचा मालक आपणच आहोत असे गृहीत धरून चालते. कोणते ब्लॉक रिकामे आहेत याची यादी प्रत्येक सर्व्हर आपापल्या मेमरीत ठेवतो आणि दुसऱ्याने त्यात केलेला बदल त्याला कळत नाही. त्यामुळे पहिल्या सर्व्हरने ज्या ब्लॉकमध्ये अहवाल ठेवला, तोच ब्लॉक दुसऱ्याच्या लेखी रिकामा असतो आणि तो त्यावर स्वतःचे काहीतरी लिहून मोकळा होतो. अहवाल ‘दिसत नव्हते’ ही पहिली खूण होती. येथे डिस्क, कार्ड आणि बॉक्स या तिघांनीही आपले काम चोख केले आहे. त्यांच्या कॅशे बंद करून काही साधणार नाही.

एकच व्हॉल्यूम दोघांनी खरोखर एकाच वेळी वापरायचा असेल, तर जीएफएस२ किंवा ओसीएफएस२ सारखी क्लस्टर फाइल सिस्टिम लागते, जी प्रत्येक बदलापूर्वी दुसऱ्या सर्व्हरशी कुलपाची देवाणघेवाण करते. लॅबच्या आकारमानाला हा व्याप झेपणारा नाही असे माझे स्पष्ट मत आहे. एका सर्व्हरने व्हॉल्यूम सांभाळावा आणि दुसऱ्याने तो नेटवर्क शेअर म्हणून वापरावा, किंवा दुसरा सर्व्हर पहिला बंद झाल्याची खात्री करूनच व्हॉल्यूम हातात घेईल अशी रचना करावी. फोल्डर दुरुस्त करण्यापूर्वी व्हॉल्यूमची प्रतिमा घ्यावी, आणि रुग्णांचे अहवाल असल्याने जे अहवाल उघडतात तेही यंत्रातील मूळ निकालांशी ताडून पाहावेत. फाइल उघडली म्हणजे आतला मजकूर त्याच रुग्णाचा आहे, असे या परिस्थितीत म्हणता येत नाही.

प्रश्न : चांगला यूपीएस घेतला तर या सगळ्याची काळजी का करावी? आणि आपली डिस्क फ्लशला खोटे उत्तर देते की खरे, हे घरी तपासता येईल का? — अभियांत्रिकीचा विद्यार्थी, माटुंगा

उत्तर : यूपीएस घ्यावाच, पण तो मिनिटांचा सोबती आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी, सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास, मुंबई आणि आसपासच्या मोठ्या भागाची वीज एकाच वेळी गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि काही भागांत पुरवठा पूर्ववत व्हायला कित्येक तास लागले. मुंबईत वीज जात नाही या भरवशावर ज्यांनी यूपीएस आणि सर्व्हर यांच्यामधली यूएसबी केबलच जोडली नव्हती, त्यांच्या सर्व्हरला बॅटरी संपत आल्याचा निरोप मिळण्याचा मार्गच नव्हता. याशिवाय संगणकाचा पॉवर सप्लाय जळणे, सफाई करताना प्लग निघणे किंवा कोणी पॉवरचे बटण दाबून धरणे, यांत यूपीएस काहीच करू शकत नाही. कर्नल अडकून पडले तर डिस्कच्या कॅशेतील मजकूर वीज असेपर्यंत उतरतो, पण ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीतला जातो. लिनक्समध्ये बदललेला मजकूर तिथे मुळात सुमारे ३० सेकंदांपर्यंत राहू शकतो.

एसएसडी असली म्हणजे प्रश्न मिटला असेही नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ एसएसडींची वीज मुद्दाम तोडून पाहिली गेली, तेव्हा त्यांपैकी १३ जणींत काही ना काही बिघाड आढळला. सर्व्हरसाठी बनवलेल्या एसएसडीमध्ये वीज गेल्यावर मेमरी रिकामी करण्यापुरते कपॅसिटर असतात. घरगुती एसएसडीमध्ये सहसा नसतात. खरेदी करताना तपशीलपत्रकात ‘पॉवर लॉस प्रोटेक्शन’ हे शब्द शोधावेत.

आता तपासणी. पहिली चाचणी तोडफोडीशिवाय होते. पोस्टग्रेससोबत पीजी-टेस्ट-एफसिंक नावाचे छोटे साधन येते. ते सेकंदाला किती वेळा फ्लश पूर्ण होतो हे मोजते. ७२०० फेऱ्यांच्या साध्या हार्ड डिस्कने सेकंदाला शंभरच्या आसपास आकडा दिला तर ठीक. तिने काही हजार सांगितले, तर मधला कोणीतरी थर चकतीला न विचारताच होकार देत आहे, मग तो डिस्कची कॅशे असो, यूएसबीचा अडॅप्टर असो वा व्हर्च्युअल मशीनचे सेटिंग. लिनक्सवर एचडीपॅरम या आज्ञेने डिस्कची लेखन कॅशे बंद करून हेच मोजमाप पुन्हा करावे. आकडा खाली आला तर दोषी सापडला. नाही आला तर वरच्या थराकडे पाहावे. एसएसडीला मात्र हा फेऱ्यांचा हिशेब लागू होत नाही.

दुसरी चाचणी प्लग ओढण्याची, आणि ती महत्त्वाचे काही नसलेल्या डिस्कवरच करावी. एक छोटा प्रोग्राम लिहा, जो क्रमाने वाढणारे आकडे फाइलमध्ये लिहितो, प्रत्येक आकड्यानंतर फ्लश करतो, आणि फ्लश यशस्वी झाल्यावरच तो आकडा नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाला पाठवतो. दुसरा संगणक मिळालेले आकडे नोंदवत राहतो. हे जोरात चालू असताना पहिल्या संगणकाचा प्लग भिंतीतून काढा; बंद करण्याचे बटण वापरू नका, आणि लॅपटॉप असेल तर ही चाचणी त्यावर होणारच नाही. पुन्हा सुरू केल्यावर फाइलमधला शेवटचा आकडा दुसऱ्या संगणकाने नोंदवलेल्या शेवटच्या आकड्याइतका किंवा त्याहून एखाद्याने जास्त असायला हवा. तो कमी निघाला, तर जितका कमी तितके होकार खोटे होते. एकदा बरोबर आल्याने समाधान मानू नका. प्लग वेगवेगळ्या क्षणी काढून, डिस्कवर दुसरेही काम चालू ठेवून चाचणी पुन्हा पुन्हा करा, कारण रिकाम्या बसलेल्या डिस्कची कॅशे बहुतेक वेळा रिकामीच असते.